प्रतिपालकत्वातील मुलीचे वागणे, आईच्या भेटी आणि सांभाळणाऱ्यांचा थकवा : एक सविस्तर उत्तर

तुमच्या प्रश्नाचा आशय आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मला तो नीट समजला आहे की नाही हे तुम्हालाही पडताळता येईल. सात महिन्यांपूर्वी ९ वर्षांची एक मुलगी प्रतिपालकत्वात, म्हणजे तात्पुरत्या सांभाळासाठी, तुमच्या घरी आली. ती उशीच्या अभ्र्यात आणि दप्तरात खाऊ लपवून ठेवते. पंधरवड्यातून एकदा तिची आणि तिच्या जन्मदात्या आईची भेट होते. त्यानंतरचे दोन-तीन दिवस ती वस्तू फेकते, रात्री अंथरूण ओले करते आणि तुम्हाला जवळ येऊ देत नाही. तुमचा ११ वर्षांचा मुलगा अलीकडे स्वतःच्या खोलीतून बाहेर यायला तयार नसतो. एका नातेवाइकांनी शिस्त कडक करायला सांगितले, दुसऱ्यांनी आईच्या भेटी बंद करून घ्या म्हणून सुचवले. शेवटी तुम्ही विचारले आहे की, आमचे प्रेम कमी पडते आहे का, आणि हे आम्ही किती दिवस निभावू शकू.

गेली २२ वर्षे मी प्रतिपालक कुटुंबांबरोबर समुपदेशक म्हणून काम करते आहे. तुमच्या दोन शंकांपैकी दुसरी मला अधिक गंभीर वाटते. पहिलीचे उत्तर तुमच्या लिहिण्यातच आहे : मुलगी कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कशानंतर बिथरते हे ज्या बारकाईने तुम्ही टिपले आहे, त्या बारकाईने लक्ष देणाऱ्या घरात मायेची वाण नसते. तुमच्या मजकुरात मला एक गोष्ट मात्र कुठेच सापडली नाही, आणि ती म्हणजे या सात महिन्यांत तुमची चौकशी करणारे, तुम्हाला रात्री झोप लागते का हे विचारणारे कोणी होते का. मुलीला काय द्यावे आणि तुम्हाला काय मिळावे हे दोन वेगळे विषय समजले जातात. माझ्या मते तो एकच विषय आहे, आणि खाली जे लिहिते आहे ते तसेच वाचावे अशी विनंती आहे.

प्रतिपालकत्व, म्हणजे ज्याला सर्रास फॉस्टर केअर म्हटले जाते ते, आणि दत्तक यांतला फरक तुम्हाला माहीत आहेच. पण मुलीच्या बाजूने तो कसा दिसतो हे एकदा पाहू. दत्तकात नाते कायमचे ठरलेले असते. इथे मात्र मूल एका घरात राहते आणि दुसऱ्या घराचे असते, आणि पुढे काय होणार हे त्याला कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. १९८९ च्या बालहक्क संहितेतील २० वे कलम कुटुंबापासून दूर झालेल्या मुलाला विशेष संरक्षणाचा हक्क देते. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २००९ मध्ये स्वीकारलेली पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वे याच्या पुढे जाऊन सांगतात की, केवळ गरिबीमुळे मुलाला आई-वडिलांपासून वेगळे करू नये, भावंडांची शक्यतो ताटातूट करू नये आणि परत घरी जाण्याची वाट होता होईल तितकी मोकळी ठेवावी. ही तत्त्वे मला मनापासून पटतात. पण या मोकळ्या वाटेची किंमत मूल रोज मोजत असते, कारण ‘तात्पुरते’ हा शब्द त्याने ऐकलेला असतो. जिथे फार दिवस राहायचे नाही तिथे जीव लावायचा की नाही, हा प्रश्न नऊ वर्षांच्या मुलीपुढे रोज उभा राहतो, आणि तिचे बरेचसे वागणे या प्रश्नाभोवती फिरते.

खाऊ लपवण्यापासून सुरुवात करते, कारण ते तुलनेने सोपे आहे. जिथे पुढचे जेवण मिळेल की नाही याचा भरवसा नव्हता, तिथे लपवून ठेवणे ही शहाणपणाची गोष्ट होती. कदाचित याच सवयीने तिने स्वतःला, किंवा एखाद्या लहान भावंडाला, सांभाळलेही असेल. घर बदलले म्हणून ही सवय बदलत नाही. शरीराला नव्या घराची खात्री पटायला महिने लागतात, काहींना वर्षेही लागतात. म्हणून याला चोरी म्हणू नका आणि कपाटाला कुलूप तर मुळीच लावू नका, कारण कुलूप तिच्या जुन्या भीतीवर शिक्कामोर्तब करते. तिच्या नावाचा एक डबा करा. तो तिच्या खोलीत, तिच्या हाताशी राहू द्या. त्यात न नासणारे पदार्थ ठेवा, आणि तो रिकामा झाला की कुणी काही न विचारता भरून ठेवायचा एवढा नियम घरात पाळा. अभ्र्यातले शिळे काढायचे असेल तेव्हा तिला सांगून, तिच्या समोर काढा आणि त्या जागी ताजे द्या. जेवणाच्या वेळा ठरलेल्या ठेवा आणि त्या तिला वाचता येतील अशा लिहून लावा. काही आठवड्यांनी डबा भरलेलाच राहू लागला तर समजा की पहिला विश्वास बसला. तो पुन्हा रिकामा होऊ लागला तर तिला कशाची तरी धास्ती वाटते आहे. बहुतेक वेळा शाळेत काही घडलेले असते किंवा पुढची भेट जवळ आलेली असते.

अंथरूण ओले होण्याबद्दल आधी डॉक्टरांकडे जा. मूत्रमार्गाचा संसर्ग आणि बद्धकोष्ठ ही दोन कारणे वारंवार निसटतात आणि दोन्ही बरी होण्यासारखी आहेत. ती नसतील तर ताणामुळे होते आहे असे धरून चालावे. चादरींचा जादा जोड तिला सहज सापडेल अशा जागी ठेवावा आणि सकाळी त्याविषयी घरात चर्चा करू नये.

आता रागाकडे वळते. तुम्हाला शिस्त कडक करण्याचा सल्ला मिळाला आहे. तो देणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण ज्या मुलांचा मोठ्यांवरचा विश्वासच मोडलेला असतो त्यांच्यावर नेहमीची शिस्त उलटी बसते. बक्षीस आणि शिक्षा यांची पद्धत एका गृहीतावर उभी असते : मोठी माणसे आपल्या भल्याची असतात आणि त्यांची मर्जी राखण्यात फायदा असतो. हे गृहीतच जिच्यापाशी नाही तिला शिक्षा म्हणजे ‘मला ठाऊकच होते, तुम्हीही तसेच’ याचा पुरावा वाटतो. कोपऱ्यात एकटे बसवणे ही सामान्य घरातली सौम्य शिक्षा. ज्या मुलीला खरोखरच एकटे सोडले गेले आहे तिच्यासाठी ती सौम्य राहत नाही. मारणे तर कुठल्याही परिस्थितीत नाही, याविषयी मी दुसरे काही बोलणार नाही.

मग वस्तू फेकली तर करायचे काय? त्या क्षणी समजावू नका. घाबरलेल्या शरीरात समजूत शिरत नाही. तिचे हृदय धडधडत असते, स्नायू ताठरलेले असतात, आणि तुमचा चढलेला आवाज तिला धोक्याची खूण वाटतो. फुटण्यासारख्या वस्तू बाजूला करा, तुमच्या मुलाला दुसऱ्या खोलीत पाठवा, तिच्यापासून थोड्या अंतरावर, तिच्या उंचीच्या पातळीवर बसा आणि कमी शब्दांत बोला : ‘मी इथेच आहे. तुला लागू देणार नाही, मलाही लागू देणार नाही.’ एवढे पुरे आहे. अर्ध्या तासाने किंवा दुसऱ्या दिवशी, ती पाणी पिऊन शांत झाल्यावर, कुतूहलाने विचारा. ‘असे का केलेस’ असे न विचारता ‘मला वाटते, काल आईला निरोप देताना खूप अवघड गेले असेल, तसे होते का?’ असे विचारा. उत्तर आले नाही तरी चालते. तुमचा अंदाज चुकला तर ती तुम्हाला सुधारेल, आणि ती सुधारणा म्हणजेच संवाद होय. त्यानंतर भरपाई करायची : जे फुटले ते दोघींनी मिळून आवरायचे, चिकटवता येत असेल तर चिकटवायचे. शिस्त यात आहेच, फक्त ती नाते तोडून येत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅन ह्यूज यांनी अशा मुलांबरोबर वागण्याचे चार पैलू सांगितले आहेत : खेळकरपणा, स्वीकार, कुतूहल आणि सहवेदना. मी प्रतिपालकांना सुरुवातीला त्यांपैकी फक्त कुतूहल धरायला सांगते, कारण थकलेल्या माणसाला खेळकर होणे जमत नाही, पण ‘हे आत्ताच का घडले’ असे स्वतःला विचारणे बहुतेकांना जमते.

तुम्ही लिहिले आहे की ती तुम्हाला जवळ येऊ देत नाही आणि त्यामुळे तुम्हीही हल्ली लांब राहता. हे अतिशय स्वाभाविक आहे आणि इथेच सर्वांत जास्त सावध राहायला हवे. मानसशास्त्रज्ञ मेरी डोझियर यांनी प्रतिपालकांकडे राहणाऱ्या अगदी लहान मुलांचे निरीक्षण करताना हेच नोंदवले. दुखावलेली मुले माया नको असल्यासारखी वागतात, मोठी माणसे त्या इशाऱ्याप्रमाणे मागे सरतात, आणि मुलाला वाटते की आपला अंदाज बरोबर होता. त्यावरून त्यांनी प्रतिपालकांच्या घरी जाऊन घ्यायच्या दहा सत्रांची पद्धत बसवली. मुलाने मागितली नाही तरी माया कशी द्यायची, हा तिचा गाभा आहे. तुमची मुलगी मोठी आहे, त्यामुळे तंत्र तेच राहणार नाही. तत्त्व मात्र तेच राहते. मिठी नको असेल तर मिठी मारू नका. केस विंचरून देऊ का म्हणून विचारा, तिच्या वहीला कव्हर घाला, ती चित्र काढत असताना शेजारी बसून तुमचे काम करा. रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटे, ज्यात तुम्ही तिला काही शिकवणार नाही, सुधारणार नाही, विचारणार नाही. दिवस कितीही वाईट गेला तरी ही दहा मिनिटे कापायची नाहीत. माझ्या कामात एवढ्या छोट्या गोष्टीने जितका फरक पडलेला मी पाहिला आहे तितका मोठ्या उपायांनी क्वचितच पडलेला पाहिला.

आईच्या भेटींविषयी तुम्हाला मिळालेल्या सल्ल्याशी मी सहमत नाही. भेटीनंतर मूल बिथरते, यावरून भेट वाईट असा निष्कर्ष निघत नाही. वियोगाची जखम दर पंधरा दिवसांनी उघडते म्हणून ती दुखते. कुटुंबांतील वियोगाच्या अभ्यासक पॉलिन बॉस यांनी ज्याला संदिग्ध वियोग म्हटले आहे तो हाच : माणूस जिवंत आहे पण जवळ नाही, त्यामुळे धड शोकही करता येत नाही आणि धड वाट पाहणेही थांबवता येत नाही. त्यात निष्ठेचा पेच असतो. तुमच्या घरी हसले तर आईशी बेइमानी, आईला बिलगले तर तुम्ही दुखावणार. या पेचातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे दोन दिवस तुमच्याशी भांडत राहणे, आणि तो तिने शोधला आहे.

१९६० च्या दशकात जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या ब्रिटिश संशोधक दांपत्याने, आई रुग्णालयात असल्यामुळे काही दिवसांसाठी वेगळी झालेली चार लहान मुले एकामागून एक स्वतःच्या घरी ठेवून घेतली. त्यांनी मुलांना घरून त्यांच्या वस्तू आणू दिल्या, आईचा फोटो जवळ ठेवला आणि आईविषयी मुद्दाम बोलत राहिले. ज्या मुलांना अशाच कारणाने संस्थेत राहावे लागले होते त्यांच्या तुलनेत या चौघांनी तो काळ पुष्कळ चांगल्या रीतीने पार पाडला. ती मुले दीड ते अडीच वर्षांची होती आणि वियोगही अल्पकाळाचा होता, हे खरे. तरीही त्यातली एक गोष्ट मी प्रत्येक प्रतिपालकाला सांगते : तुमच्या घरात त्या आईचे नाव मोकळेपणाने घेता आले पाहिजे. आईने काय केले हे तुम्हाला माहीत असेल, राग येत असेल. तो राग माझ्यासारख्या माणसापुढे व्यक्त करा, मुलीपुढे नको. मूल स्वतःला आईचा अर्धा भाग समजते. आई वाईट ठरली तर ते स्वतःलाही वाईट ठरवते.

प्रत्यक्षात करण्यासारखे असे. भेटीच्या आदल्या दिवशी तिला सांगा की उद्या भेट आहे, किती वेळाची आहे, कोण नेणार आणि कोण आणणार, आणि परत आल्यावर घरी काय असेल. भेटीनंतर त्याच संध्याकाळी पाहुणे, शिकवणी, बाजार असे काही ठेवू नका. परत आल्यावर ‘काय झाले, आई काय म्हणाली’ अशी विचारपूस करू नका. पाणी द्या, जवळपास राहा. एखाद्या शांत वेळी एकदाच सांगा : ‘तुला आई हवीशी वाटते आणि हे घरही आवडते, दोन्ही एकाच वेळी चालते. तुला निवड करायची नाही.’ आई भेटीला आलीच नाही तर तिच्या वतीने सबबी सांगू नका आणि तिला दोषही देऊ नका. ‘आज आई आली नाही, तुला किती वाईट वाटले असेल’ एवढे खरे बोला. तारीख, भेटीपूर्वीची अवस्था, नंतरचे दोन दिवस, झोप, खाणे हे एका वहीत तथ्य म्हणून लिहीत जा, निष्कर्ष लिहू नका. तीन महिन्यांची अशी वही समाजसेवकांपुढे ठेवली तर भेटीची जागा, वेळ, कालावधी किंवा देखरेख बदलण्याचा निर्णय नीट घेता येतो. तुमच्या मुलीच्या बाबतीत कदाचित भेट सकाळी आणि सुट्टीच्या दिवशी ठेवणे एवढ्यानेही बराच फरक पडेल.

एक अपवाद स्पष्ट सांगते. भेटीचे नाव काढताच ती भीतीने गोठत असेल, भेटीत तिला धमकावले जात असल्याचे दिसत असेल किंवा ती स्वतः काही सांगत असेल, तर त्याच दिवशी तुमच्या समाजसेवकांना कळवा. तिने पूर्वीच्या अत्याचाराबद्दल काही सांगितले तर खोदून प्रश्न विचारू नका, ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नका, ‘तू सांगितलेस हे बरे केलेस, यात तुझी चूक नव्हती’ असे म्हणा, आणि तिचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. पुढची चौकशी करणे हे प्रशिक्षित माणसांचे काम आहे. घाईने विचारलेले प्रश्न तिची जबानी कमकुवत करू शकतात.

नऊ वर्षांची मुले आपण घरापासून दूर का आहोत याचे उत्तर स्वतःच तयार करतात, आणि ते बहुधा ‘मी त्रास देत होते म्हणून’ असे असते. यासाठी तिच्या आयुष्याची एक वही तिच्याबरोबर करायला घ्या : जन्म कुठे झाला, कोणाकोणाकडे राहिली, कोणती शाळा, कोणाचे फोटो मिळतील, आणि ती इथे का आली याचे तिच्या वयाला झेपेल असे खरे कारण. कारणाची वाक्यरचना समाजसेवकांशी बोलून ठरवा, म्हणजे सगळी मोठी माणसे तिला एकच गोष्ट सांगतील. शाळेत ‘तू यांच्याकडे का राहतेस’ असे कोणी विचारले तर द्यायचे एक छोटे उत्तर तिच्याबरोबर घोकून ठेवा. तिने सगळी हकीकत जगाला सांगण्याची गरज नाही. शिक्षकांनाही तिची पूर्ण कहाणी सांगू नका, मात्र कुटुंबवृक्ष काढायला सांगणाऱ्या गृहपाठाची किंवा ‘माझी आई’ या निबंधाची सूचना आधी मिळावी एवढे जरूर मागा. समाजमाध्यमांवर तिचा फोटो टाकू नये, हे तुमच्या घरातल्या सर्वांना आणि नातेवाइकांना सांगून ठेवा. तिने तुम्हाला काय म्हणावे हेही तिच्यावर सोडा. मावशी म्हणाली तर मावशी, नावाने हाक मारली तरी चालेल. एखाद्या दिवशी चुकून आई म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मावशी म्हणाली, तर त्या माघारीचे दुःख मानू नका.

तुमच्या मुलाबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, आणि मला त्या वाक्याची काळजी वाटते. घरात प्रतिपालकत्वातले मूल येते तेव्हा सख्ख्या मुलांकडून समजूतदारपणाची अपेक्षा केली जाते. त्यांचा तक्रारीचा हक्क न सांगता काढून घेतला जातो, कारण ‘तिने किती सोसले आहे’ हे वाक्य प्रत्येक तक्रारीवर भारी पडते. त्याला एकट्याला बाहेर न्या आणि विचारा की त्याला सर्वांत जास्त कशाचा राग येतो. ऐकून झाल्यावर तिची बाजू मांडू नका. त्याच्या वस्तू सुरक्षित राहतील असे एक कपाट त्याला द्या. मघाशी मी कुलपाला विरोध केला, पण त्याच्या वस्तूंना कुलूप असणे ही वेगळी बाब आहे आणि ते आवश्यक आहे. तिच्यावर लक्ष ठेवण्याचे काम त्याच्याकडे देऊ नका. आणि ती कधी परत गेली तर त्यालाही दुःख होईल, हे आधीच गृहीत धरा.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. रुमानियातील बुखारेस्ट शहरात २००० साली एक अभ्यास सुरू झाला, ज्यात अनाथालयांत राहणाऱ्या, सहा ते एकतीस महिने वयाच्या १३६ बालकांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकावी तशा पद्धतीने प्रतिपालक घरे मिळाली. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या संशोधकांनी ती मुले मोठी होईपर्यंत पाहिली. घर मिळालेल्या मुलांची बुद्धी, भाषा, जवळीक साधण्याची क्षमता सुधारली. वयाच्या दुसऱ्या वर्षाच्या आत घर मिळालेल्यांची अनेक बाबतींत अधिक सुधारली. हा निष्कर्ष सगळे उद्धृत करतात. त्यातल्या आणखी दोन गोष्टी फारशा सांगितल्या जात नाहीत. वयाच्या बाराव्या वर्षी तपासले तेव्हा, ज्या मुलांचे पहिले प्रतिपालक घर टिकले होते त्यांच्यात वर्तनाच्या अडचणी कमी होत्या. आणि ती प्रतिपालक कुटुंबे एकटी नव्हती. त्यांना मोबदला मिळत होता, समाजसेवक नियमित घरी येत होते, आणि त्या समाजसेवकांनाही सल्ला देणारे अनुभवी तज्ज्ञ होते. म्हणजे तिथे मुलांना जे मिळाले ते केवळ घर नव्हते, तर आधार असलेले घर होते.

हे मला कामाच्या तिसऱ्या वर्षी कळले असते तर बरे झाले असते. त्या वर्षी एका बाईंनी तीन वेळा मला फोन केला. मुलगा चावतो, रात्रभर जागा असतो, असे त्या सांगत होत्या. मी तिन्ही वेळा मुलाविषयी बोलले, त्याच्या भूतकाळाविषयी समजावले आणि धीर धरा असे सांगितले. त्यांच्या पतीची नोकरी त्याच काळात गेली होती, हे मी विचारलेच नाही म्हणून मला कळले नाही. चौथा फोन मुलाला घेऊन जा असे सांगणारा होता. सहा वर्षांच्या त्या मुलाचे ते तिसरे घर होते. तेव्हापासून प्रत्येक भेटीत मी पहिली पंधरा मिनिटे मुलाचे नाव काढत नाही.

डॅन ह्यूज आणि त्यांचे सहकारी जोनाथन बेलिन यांनी अशा अवस्थेला काळजी गोठणे अशा अर्थाचे नाव दिले आहे. दीर्घ ताणाखाली सांभाळणाऱ्याच्या मेंदूतला मायेचा झराच आटतो. सांभाळणारा मुलाचे जेवण-खाण, शाळा, औषध सगळे चोख करतो, पण आतून काही वाटत नाही. मूल घरी यायच्या वेळी पोटात गोळा येतो, तिच्या हसण्यानेही आनंद होत नाही, चांगले काही घडले तरी लक्षात राहत नाही. यांपैकी काही तुम्हाला ओळखीचे वाटत असेल तर ती थकव्याची शारीरिक खूण आहे, तुमच्या स्वभावावरचा निवाडा नव्हे. विश्रांती आणि माणसांची सोबत मिळाली की ही अवस्था मागे हटते. निश्चय करून ती हटत नाही.

म्हणून ज्या संस्थेमार्फत मुलगी तुमच्याकडे आली तिच्याकडे पुढील गोष्टी लेखी मागा, आणि त्या मागताना संकोच बाळगू नका. मुलीच्या आरोग्याची व पूर्वायुष्याची माहिती, जी अनेकदा प्रतिपालकांना अर्धवटच दिली जाते. रात्री अडचण आली तर उचलला जाईल असा एक दूरध्वनी क्रमांक. महिन्यातून किमान एकदा घरी येणारे एकच माणूस, दर वेळी नवे नको. ठरलेला निर्वाह खर्च वेळेवर. आणि विसाव्याची सोय : महिन्यातून एक-दोन दिवस मुलीला सांभाळणारी, तिच्या ओळखीची, शक्यतो कायम तीच व्यक्ती. हा विसावा भांडणानंतर कधीही घेऊ नका, नाहीतर तो तिला घालवून दिल्यासारखा वाटेल. तारखा आधी ठरवून दिनदर्शिकेवर लिहा. दुसऱ्या प्रतिपालकांची ओळख करून मागा. माझ्या सल्ल्याने जे होत नाही ते ‘आमच्याकडेही असेच झाले’ या एका वाक्याने होताना मी अनेकदा पाहिले आहे. घरात तुम्ही आणि तुमचे पती यांच्यापैकी भेटीनंतरच्या रात्री कोण जागणार हे आधी ठरवा, आणि दुसऱ्याने त्या रात्री खरोखर झोपावे.

इतके करूनही निभावणे शक्य नाही असे ठरले, तर तेही लवकर सांगा. असह्य झाल्यावर एका रात्रीत मोडलेली सोय आणि सहा आठवडे आधी सांगून केलेला बदल यांत मुलीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. नव्या घराशी तिची हळूहळू ओळख करून देता येते, तुम्ही निरोप देऊ शकता, तिच्या आयुष्याची वही आणि फोटो तिच्याबरोबर चांगल्या बॅगेत जातात. अनेक मुलांचे सामान कचऱ्याच्या पिशव्यांत भरून गेलेले मी पाहिले आहे. त्या पिशव्यांवरून मुले स्वतःची किंमत ठरवतात. ती आईकडे परत जाणार असेल तेव्हाही हेच लागू आहे, आणि तेव्हा तुमचे दुःख खरे असेल. त्या महिन्यात दुसरे मूल घेण्याची विनंती आली तर तुम्ही ती नाकारू शकता.

तुमचा मजकूर वाचून मला वाटते की तुम्ही त्या टोकाला अजून पोहोचलेले नाही. पुढच्या भेटीपर्यंत तीनच गोष्टी करा : तिच्या नावाचा डबा, रोजची दहा मिनिटे आणि संस्थेला विसाव्यासाठी पत्र. बाकीचे नंतर. त्या भेटीनंतरच्या तीन दिवसांची नोंद वहीत कराल तेव्हा, त्यात तुमच्या स्वतःच्या झोपेचाही एक रकाना ठेवा.